पाचवा लोड

“ताई, हळू चालव! डबा हिंदकळतोय!”

“डब्यात कणीक आहे रे येड्या, ताक न्हाई! हिंदकळंल कशी?”

सायकलच्या कॅरियरवर बसलेला संदेश गप्प झाला. पण फक्त पुढच्या वळणापर्यंत.

“ताई, थोडी कणीक उरली तर पोळी लाटता येईल का गं?”

“संदेश!!”

कुसगावहून लोणावळ्याच्या चौकात सायकलनं यायला वीस मिनिटं लागतात. अपेक्षा त्या दिवशी चौदा मिनिटांत आली, तेही मागं सातवीतला धाकटा भाऊ आणि त्याची बडबड लादून! कारणच तसं होतं. दिवाळीची सुट्टी लागली होती, दुसऱ्या दिवशी चौकात दिवाळी पहाट होती, आणि यंदा स्टेजवर पखवाज वाजवणार होते त्यांच्या शेजारचे दत्तोबा आबा! आज चौकात त्यांची शेवटची तालीम होती.

पखवाज म्हणजे गमतीचं वाद्य. त्याच्या डाव्या अंगाला ओल्या कणकेची जाड चकती थापल्याशिवाय तो घुमतच नाही. वाजवून झालं की ती खरवडून काढायची, पुढच्या वेळी नवी लावायची. आबांची कणीक मळून द्यायचं काम दोन वर्षं अपेक्षाकडं होतं. “तुझ्या हाताची कणीक लय ग्वाड बोलती,” असं आबा म्हणायचे, आणि अपेक्षा दिवसभर हवेत असायची.

आणि चौक? तो तर तिचा जीव की प्राण! मे महिन्यात तिथं मुलांची नाटकं व्हायची, श्रावणात रानभाज्यांचा मेळा, सव्वीस जानेवारीला बँड, दिवाळीला पहाटगाणी. तिकीट कशालाच नाही. यायचं, जागा मिळेल तिथं बसायचं आणि कान भरून घरी जायचं.

गेल्या दिवाळीत तिचा पाय प्लॅस्टरमध्ये होता. गर्दीत बसायची सोय नव्हती. तेव्हा चौकाची देखभाल करणाऱ्या बजरंगभाऊंनी स्वतःचं स्टूल आणून अगदी पुढं ठेवलं. “बस हितं पोरी. पाय लांब कर. कुनी काय बोललं तर मला सांग!” आणि स्वतः अडीच तास खांबाला टेकून उभे राहिले. अपेक्षा ते विसरली नव्हती.

दोघं चौकात पोचली, तर स्टेजपाशी घोळका जमलेला. मध्ये दत्तोबा आबा कपाळाला हात लावून पायरीवर बसलेले. त्यांच्यासमोर बजरंगभाऊ, चेहरा उतरलेला.

“काय झालं?” अपेक्षानं विचारलं.

उत्तर दिलं धवलनं. धवल लोणावळ्याचाच, तिच्याच वयाचा. त्याचे आजोबा दीनानाथकाका म्हणजे चौकाच्या कमिटीचे सेक्रेटरी.

“पखवाज गायब झालाय!”

“आँ? कसा?”

“काल संध्याकाळी इथं स्टेजवर ट्रायल झाली. मी फोटो काढत होतो ना, मी पाहिलंय. ट्रायल संपल्यावर आबा चहाला गेले. परत आले तर पखवाज जागेवर नाही. त्यांना वाटलं, बजरंगभाऊंनी रोजच्यासारखा चौकाच्या खोलीत ठेवला. बजरंगभाऊंना वाटलं, कणीक खरवडायला आबाच घरी घेऊन गेले. सकाळी खोली उघडली, तर खुंटीला नुसती गवसणी!”

पखवाजाची ती मळकी कापडी गवसणी आबांच्या मांडीवर पडली होती. रिकामी. आबांच्या वडलांचा पखवाज होता तो.

तेवढ्यात दीनानाथकाका फोनवर बोलत बोलत आले. त्यांचा फोन कधी थांबतच नसे! एक कॉल संपला, दुसरा यायच्या आत ते म्हणाले, “बजरंग, खोलीची चावी कुणाकडं असते?”

“माझ्याकडं, काका.”

“कुलूप फोडलेलं आहे?”

“न्हाई.”

“मग मी काय समजायचं? हे बघ, उद्या पहाटे साडेपाचला कार्यक्रम आहे. तोवर पखवाज मिळाला नाही, तर चौकाची चावी माझ्या हातात द्यायची. कायमची!”

“काका, अकरा वर्षं झाली. हितली एक सुतळी कदी इकडची तिकडं झाली न्हाई...”

पण काकांचा फोन वाजला होता. “हां, बोला बोला! पाहुण्यांना हार झेंडूचाच ना?”

बजरंगभाऊ खाली मान घालून खराटा शोधायला गेले. खराटा त्यांच्या हातातच होता.

अपेक्षानं दोघांना खांबामागं ओढलं. “बजरंगभाऊ चोरी करणार न्हाईत. कदीच न्हाई. पखवाज आपण शोधायचा!”

“कुठं?” धवल म्हणाला.

“ते मला म्हाईत असतं तर शोधला नसता का?”

“उपाशीपोटी डोकं चालत नाही,” संदेश म्हणाला.

“तुझं भरल्यापोटी तरी कुठं चालतं?” धवल म्हणाला.

तेवढ्यात काका हातवारे करत शेजारून गेले. अपेक्षाचं लक्ष त्यांच्या मनगटाकडं गेलं. घड्याळाच्या साखळीच्या फटींत पांढरट काहीतरी वाळून बसलं होतं.

“काका, तुमच्या घड्याळाला काय लागलंय?”

“काय? असेल पेढा!” काकांनी हात झटकला. एक छोटा कपचा टणकन खाली पडला. काका पुढं गेले.

अपेक्षानं तो उचलला. नखानं टोकरला. नाकाशी नेला.

“पेढा न्हाई. कणीक आहे! कालची, वाळलेली!”

“आजोबा कशाला कणीक मळतील?” धवल हसला. “त्यांना साधा चहा येत नाही!”

“मळली न्हाई रे. त्यांचा हात पखवाजाला लागलाय. डाव्या अंगाला!”

धवलचं हसू विरलं. तो धावत जाऊन आजोबांना विचारून आला. “म्हणतात, मी कशाला हात लावू? मला वेळ आहे का?”

“तुझे फोटो दाखव,” अपेक्षा म्हणाली.

धवलकडं आईचा जुना मोबाईल होता. पहिल्या फोटोत स्टेजवर पांढरी गादी, मागं पांढऱ्या खोळीतले लोड, पुढं पखवाज घेतलेले आबा. शेवटच्या फोटोत आबा नाहीत, पखवाज नाही, आणि डोंगरावरून उतरलेलं धुकं चौकभर.

“काहीच नाही यात,” धवल म्हणाला.

“एक मिनिट,” संदेशनं मान पुढं घातली. “लोड मोजा की! पहिल्या फोटोत एक, दोन, तीन, चार. आणि ह्यात... पाच!”

धवलनं फोटो मोठा केला.

“पाचवा जरा बुटका आहे,” धवल हळूच म्हणाला.

“आणि मध्ये फुगलाय!” अपेक्षा ओरडलीच. “अरे, तो लोड न्हाई! पखवाजच आहे! धुकं आलं, चामडं ओलं होऊ नये म्हणून काकांनी त्याला तिथं पडलेली लोडाची जादा खोळ चढवली. कानाला फोन असणार, मनगटाला कणीक लागली तेसुद्धा कळलं न्हाई!”

“आणि विसरले,” धवल म्हणाला. “आजोबा परवा चष्मा फ्रीजमध्ये ठेवून दिवसभर शोधत होते.”

“मग लोड कुठायत आता?”

स्टेजवर गादी होती. लोड एकही नव्हता!

मांडववाल्या हौशीरामला धवलनं फोन लावला. पलीकडून भांड्यांचा खणखणाट आला.

“लोड व्हय? ते कालच टेंपोत घातले. आज कान्ह्यात साखरपुडा हाय. तुमाला पहाटं गोडाउनमधून दुसरे देतो की!”

“हौशीरामभाऊ, तुम्ही चार आणले होते, पाच नेलेत! त्यातला एक पखवाज आहे!”

“पाच भरले व्हय? वा वा! गेल्या लग्नात एक हरावला हुता, त्योच सापडला म्हनायचा!” आणि फोन बंद. नंतर लागेचना.

अपेक्षाच्या अंगावर काटा आला. साखरपुडा म्हणजे बैठक. बैठकीत माणसं लोडाला रेलणार. वाळलेली कणीक, जुनं चामडं, आणि वर एखादा शंभर किलोचा पाहुणा! मग पखवाज सापडून तरी काय उपयोग?

कान्ह्याला तिची नंदामावशी राहायची. तिनं घरी फोन करून मावशीकडं जातोय म्हणून सांगितलं, धवलनं आईला विचारलं, आणि तिघं स्टेशनकडं पळाली. लोकल सुटता सुटता मिळाली. मळवली गेलं, कामशेत गेलं. संदेशसुद्धा बोलत नव्हता, म्हणजे बघा!

साखरपुड्याचं घर शोधावं लागलं नाही, स्टेशनाबाहेर पडताच मांडव दिसला. नंदामावशी मांडवाच्या दारातच भेटली.

“अगं बाई, तुमी हितं कुटं? जेवल्याबिगर जायाचं न्हाई बरं का!”

“मावशी, आधी बैठक दाखव!”

मांडवात गाद्यांची रांग होती. आणि लोड होते वीस-पंचवीस! सगळे पांढरेशुभ्र. सगळ्यांना कुणी ना कुणी टेकलेलं.

“आता?” धवल कुजबुजला. “प्रत्येकाला उठवायचं?”

अपेक्षा गुडघ्यावर बसली. लोडांकडं न बघता ती गादीच्या कडेनं बघत गेली. आणि तिला हवं ते दिसलं. लाल मुंग्यांची एक बारीक रांग, सतरंजीवरून गादीवर, गादीवरून थेट एका बुटक्या लोडात!

“कणकेला आल्यात,” ती पुटपुटली.

त्या लोडाला टेकले होते नवरीचे मामा. मामा म्हणजे आडवं उभं सारखंच माप! त्यांना काही आराम पडत नव्हता. ते मागं सरकले, पुन्हा पुढं झाले आणि वैतागून त्यांनी लोडावर एक थाप मारली.

धुम्म!

“ए हौशीराम!” मामा गरजले. “ह्यो लोड हाय का जात्याचा दगड?”

“नवा कापूस हाय मामा!” हौशीराम लांबूनच ओरडला. “बसंल जरा वेळानं!”

“बसवतोच त्याला!” म्हणत मामांनी बाह्या सारल्या आणि मूठ उगारली.

“मामा!” अपेक्षा किंचाळली. “मुंग्या! तुमच्या पाठीवर मुंग्या!”

एवढा मोठा माणूस एवढ्या चपळाईनं उठताना कान्ह्यात कुणी पाहिला नसेल! मामा सदरा झटकत उभे राहिले, आणि तेवढ्यात संदेशनं झडप घालून लोड छातीशी धरला.

“अरे चोर! लोड घिऊन पळतंय पोरगं!”

“चोर नाही हो! बघा!” धवलनं खोळीची गाठ सोडली. अपेक्षानं खोळ खाली ओढली. आत दत्तोबा आबांचा काळाभोर पखवाज. कणीक तडकलेली, मुंग्या लागलेल्या, पण चामडं शाबूत!

सगळे वाकून बघायला लागले. मग मामाच पहिले हसले. पोट धरून हसले. “म्हंजे मगापासनं मी पखवाजाला टेकलोय! तरी म्हनतो, ह्यो लोड ताल का धरतोय!”

हौशीरामनं जीभ चावली. “माझं चुकलं गं पोरी. नुसता आकडा जास्त दिसला, खूश झालो. उचलून बघायचं सुचलंच न्हाई.” त्यानं स्वतः टेंपोनं सगळ्यांना लोणावळ्यात सोडलं. नंदामावशीनं बांधून दिलेल्या जिलब्या वाटेत संपल्या. कुणी संपवल्या, ते सांगायला नको.

चौकात आबांनी पखवाज मांडीवर घेतला. ओल्या फडक्यानं जुनी कणीक भिजवून हळूहळू काढली, मुंग्या फुंकरीनं उडवल्या. अपेक्षानं डबा उघडला. आबांनी नवी चकती थापली, हातोडीनं दोन-चार ठिकाणी ठोकून सूर नीट केला, आणि डावा पंजा टाकला.

चौक घुमला!

खांबाशी उभ्या बजरंगभाऊंनी डोळ्यांना उपरणं लावलं.

“सापडला!” दीनानाथकाका धावत आले. “कुणी नेला होता?”

धवलनं दोन्ही फोटो दाखवले. मग आजोबांच्या घड्याळाकडं बोट केलं. काका फोटो बघत राहिले. घड्याळ बघत राहिले. त्यांचा फोन वाजायला लागला. पहिल्यांदाच त्यांनी तो कट केला.

“धुकं आलं होतं,” ते अगदी हळू म्हणाले. “मीच झाकला. मीच.” ते बजरंगभाऊंसमोर गेले आणि त्यांनी हात जोडले. “बजरंग, मी सगळ्यांदेखत बोललो. उद्या माफीही सगळ्यांदेखत मागेन.”

“राहू द्या हो काका,” बजरंगभाऊ गडबडले. “पखवाज आला, बास.”

पण काकांनी शब्द पाळला. दुसऱ्या दिवशी पहाटे, चौक पणत्यांनी उजळलेला असताना, ते माईकपाशी गेले आणि काहीही न लपवता सगळं सांगितलं. स्वतःच्या चष्म्याची गोष्टसुद्धा! “चूक माझी होती, आळ आला बजरंगवर. अकरा वर्षं हा माणूस हा चौक सांभाळतोय आणि मी एका मिनिटात अकरा वर्षं विसरलो. या तीन मुलांनी मला आठवण करून दिली. अपेक्षा, संदेश, धवल, आम्ही मोठी माणसं तुमचे ऋणी आहोत.”

टाळ्या थांबेनात. आबा स्टेजवरूनच म्हणाले, “माजा बाप आज हसत आसंल गं पोरी!” दुसऱ्या रांगेतून कुणीतरी शिट्टी वाजवली. बघतात तर कान्ह्याचे मामा! “लोडाचं गाणं ऐकायला आलोय!”

अपेक्षाचं मात्र लक्ष दुसरीकडंच होतं. बजरंगभाऊ नेहमीसारखे खांबाला टेकून उभे होते. कुणाला वाट दाखव, कुणाची चप्पल बाजूला कर, विझलेली पणती पुन्हा लाव.

तिनं खोलीतून त्यांचं स्टूल आणलं. बरोबर तिथंच ठेवलं, जिथं त्यांनी गेल्या वर्षी तिच्यासाठी ठेवलं होतं.

“बसा भाऊ.”

“मी? न्हाई गं. माजी कामं...”

“पणत्या संदेश बघंल. चपला धवल बघंल. तुमी बसा. पाय लांब करा. कुणी काय बोललं तर मला सांगा!”

बजरंगभाऊ हसले, आणि संकोचून अगदी कडेला बसले. अकरा वर्षांत या चौकातलं एकही गाणं त्यांनी बसून ऐकलं नव्हतं.

स्टेजवरून आबांनी डावा हात पुढं केला. अपेक्षा पळत गेली आणि तिनं ताजी, मऊ कणीक त्यांच्या तळहातावर ठेवली. मग बजरंगभाऊंच्या खांबाला टेकून ती उभी राहिली.