ड्रायव्हरच्या सीटवर नेत्रा

"गेली वाटतं बस..."

अलास्कातल्या समुद्रकाठी असा सोलापुरी हेल? नेत्रानं मान वळवली.

कठड्याला टेकून एक तरुण बेलुगा देवमाशांच्या पांढऱ्या पाठी बघत राहिला होता, आणि त्याची सुअर्ड गावाची टूर बस त्याला न घेताच निघून गेली होती. नेत्राही सुअर्डलाच निघालेली – चार वर्षांच्या मीराला मागच्या कारसीटमध्ये बसवून, भाड्याची गाडी स्वतः चालवत.

"सुअर्डपर्यंत सोडते. आयकार्ड आहे?"

त्यानं निमूट काढून दिलं. तिनं क्युपर्टिनोला, घरी, बहिणीला फोन लावून ते वाचून दाखवलं – गुरुनाथ बिराजदार, न्यूयॉर्क, कंपनीचं नाव, नंबर.

"ब्लड ग्रुप राहिला," तो म्हणाला.

"मागे लिहिलाय. तोही सांगितला. बसा."

घटस्फोटाला दोन वर्षं झाली होती. पाच वर्षांच्या संसारात नवऱ्यानं गाडीची किल्ली कधी हातात दिली नाही. लायसन्स तिनं नंतर काढलं. तरी मराठी मंडळाच्या पिकनिकला कुणी ना कुणी हात पुढे करायचंच, 'द्या, मी चालवतो.' बिचारी म्हणून. हाही मागणार. मागितली की पुढच्या गावात उतरवायचं, तिनं ठरवूनच टाकलं.

"दशम्या कुणी केल्या?" तिनं पुढे केलेल्या डब्यातला घास घेत त्यानं विचारलं.

"मीच."

"इतकी छान गाडी चालवणाऱ्यांनी दशम्याही अशा केल्या, तर बाकीच्यांनी करायचं काय?"

"बस पकडायची. वेळेवर."

तो हसला. काचेवर पावसाची भुरभुर सुरू झाली... आणि वळणावर, घोड्याहून उंच मूस सांबर रस्त्याच्या मधोमध.

नेत्रानं ब्रेक दाबला. गाडी सरळ रेषेत, त्याच्यापासून दोन हात अलीकडे थांबली. मूसनं सावकाश पाहिलं आणि झाडीत निघून गेला. तिनं स्टिअरिंग घट्ट धरून ठेवलं. आता म्हणेल – द्या...

गुरुनाथनं पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडून बाटली पुढे केली. "काय थांबवलीत गाडी. बेस्ट."

मागून मीरा ऐटीत म्हणाली, "माय आई ड्राइव्हज."

सुअर्डच्या अलीकडे हिमनदीपाशी ते उतरले. निळ्या बर्फावरून येणारा वारा गालांना झोंबत होता.

"एक सांगू? किल्ली मागितली नाही, म्हणून तुम्ही माझ्याकडे जरा... चांगल्या नजरेनं बघताय."

"बरं, मग?"

"मला गाडी येतच नाही. न्यूयॉर्कात लागत नाही. दोनदा टेस्ट नापास झालोय. गप्प बसणार होतो, पण तुमच्याशी खोटं नको वाटलं."

नेत्राला हसू आवरेना. मग तिनं हळूच विचारलं, "आणि येत असती तर?"

"तरी मागितली नसती. मूस समोर असताना मी तुमच्याकडे बघत होतो. त्या सीटवर दुसरं कुणी शोभणार नाही." तो थांबला. "शिकवाल? शनिवारी विमानानं क्युपर्टिनोला येईन."

"एका धड्यासाठी?"

"धडे बरेच लागतील... मी हळू शिकतो."

कुणीतरी तिची कीव न करता तिच्याकडे बघत होतं. तिनं मान ताठ केली.

"शिकवताना मी रागावते."

"चालेल."

गाडीपाशी येताच तिनं आपणहून किल्ली त्याच्या तळहातावर ठेवली. "नुसतं दार उघडायचं हं."

त्यानं उघडलं – ड्रायव्हरच्या बाजूचं. आणि ती बसल्यावर किल्ली तिच्या हातात परत दिली... बोटं मात्र जरा उशिरा सोडवली. तिनंही घाई केली नाही.