बुटातलं सोनं

ओढ्यात तिच्या आधीच कुणीतरी उतरलं होतं.

नीवेस काठावरच थबकली. कालच्या पुरानं तो कोरडा ओढा धुऊन लख्ख केला होता. नव्या वाळूवर पहिलं पाऊल आपलंच पडावं म्हणून ती उजाडायच्या आत सोनं शोधायचं मशीन खांद्यावर टाकून निघाली होती... आणि इथं हा कोण उपटसुंभ? एक उंच, रापलेला मुलगा कानांवर हेडफोन चढवून डिटेक्टरची चकती वाळूवरून फिरवत होता, थांबत होता, खड्डा खणत होता, पुन्हा फिरवत होता. त्याच्यामागं खड्ड्यांची रांगच लागली होती. घूस परवडली!

"अहो!" ती खाली उतरत म्हणाली. "ओ, खड्डेवाले!"

त्याला ऐकू जाईना. शेवटी ती त्याच्या समोर जाऊन उभी राहिली. त्यानं वर पाहिलं — आणि असा काही हसला, की भांडायचं होतं ते ती विसरूनच गेली.

"सोनं!" तो ओरडला. हेडफोन घातलेला माणूस ओरडूनच बोलतो. "इथं सगळीकडे सोनं आहे! जिथं जातो तिथं वाजतंय!"

"मग निघालं का काही?"

"अजून नाही... खोल असणार. तुम्ही ऐका तरी!"

ती नको म्हणायच्या आत त्यानं स्वतःच्या कानांवरचे हेडफोन काढून तिच्या कानांवर ठेवले. त्याची बोटं क्षणभर तिच्या केसांत अडकली. हे काय केलं यानं? याला ठाऊक तरी आहे का? चकती डावीकडून उजवीकडे गेली — पीं. पुन्हा गेली — पीं. उजवीकडे, त्याच्या पायाशी गेली की न चुकता पीं. नीवेसनं खाली पाहिलं.

"बूट काढा."

"आँ?"

"बूट काढा म्हणते."

"अहो पण... आपली अजून ओळखही नाही..."

"काढता की नाही!"

त्यानं बूट काढून लांब ठेवले. चकती फिरवली. शांतता! बंदरावरचे ते बूट, टोकाला पोलाद घातलेले. पहाटेपासून हा बाबा स्वतःच्या बुटांचं सोनं खणत होता. नीवेस हसत सुटली, इतकी की तिला वाळूत बसावं लागलं. तो बुटांकडे बघत राहिला, खड्ड्यांकडे बघत राहिला, आणि मग तिच्याहून मोठ्यानं हसायला लागला. फजिती झाल्यावर फुगून बसणारे पुरुष तिनं पुष्कळ पाहिले होते. हा तसा नव्हता. तिथंच सगळा घोळ झाला.

"मी फेर्मीन. चायो मावशीचा भाचा. बंदरावरून आलोय. आता कोळंबी धरायला बंदी आहे ना, होड्या किनाऱ्यावर. मावशी म्हणाली, काकाचं मशीन धूळ खात पडलंय, घेऊन बघ."

"मी नीवेस."

"नीवेस? म्हणजे बर्फ?" त्यानं तापू लागलेल्या आकाशाकडे पाहिलं. "या भट्टीत असलं नाव कुणी ठेवलं?"

"अपांनी. मी झाले तेव्हा उकाड्यानं त्यांची अक्कल वितळली होती."

काठावर कुणीतरी ठसकलं. बघते तर अपा! थर्मास घेऊन लेकीच्या मागोमाग आलेले, आणि सगळं पाहिलेले. कॉफी त्यांच्या नाकातून बाहेर येत होती.

आता त्यांना ठसका का लागला, ते सांगायला हवं. आमच्या तेकोलोते गावात सोनं शोधणाऱ्यांचा कायदा साधा आहे. ज्याच्या कानात आवाज वाजला, सोन्याचा खडा त्याचा. बाकीच्यांनी त्या जागेकडे बघायचंसुद्धा नाही. पण चालू आवाजावर आपले हेडफोन काढून दुसऱ्याच्या कानांवर ठेवले, की अर्धा खडा त्याचा झाला, भागीदारी झाली. आणि ठेवणारा मुलगा असेल अन् ऐकणारी मुलगी, तर नुसती भागीदारी नव्हे... अपांनी नीवेसच्या आईला असंच मागितलं होतं. त्या खड्यातून दोघांच्या अंगठ्या झाल्या.

म्हणजे फेर्मीननं तिला भर ओढ्यात, अपांदेखत मागणी घातली होती. तीही बुटाच्या आवाजावर!

"आवाज कसला होता म्हणे?" संध्याकाळी आईनं तव्यावर तोर्तिया शेकता शेकता विचारलं.

"बुटाचा," नीवेस म्हणाली.

"बरा होता का?"

"आई!"

"अगं, बुटाचं विचारतेय मी."

गावाला तेवढंच हवं होतं. फेर्मीन रस्त्यानं निघाला की म्हाताऱ्या एकमेकींना कोपर मारायच्या — "तो बघ, बूटवाला नवरदेव!" चायो मावशीनंही त्याला काही सांगितलं नाही. तिला गंमत बघायची होती. आणि नीवेसनं? तिनंही नाही सांगितलं. शरद लागला की कोळंबीची बंदी उठणार, याची होडी याला नेणार, कशाला सांगायचं? असं ती रोज मनाशी म्हणायची, आणि रोज पहाटे ओढ्यावर जाताना डब्यात दोन तोर्तिया जास्त ठेवायची.

तिनं त्याला शिकवलं. पाणी कुठं वळतं, वळताना कुठं दमतं, आणि दमलं की हातातलं जड ओझं कुठं टाकतं. मोठ्या दगडाच्या पाठीशी. कातळाच्या भेगेत. लोखंडाचा आवाज खेकसतो आणि सोन्याचा आवाज गोल असतो, हेही शिकवलं. तो मन लावून ऐकायचा. कधी कधी आवाज सोडून तिच्याकडेच बघत राहायचा.

"तिकडं बघा. चकतीकडं."

"चकतीकडेच बघतोय."

"चकती माझ्या तोंडावर आहे का?"

"माफ करा. मशीन बिघडलंय बहुतेक. इथं आलं की वाजतंय."

त्या दिवशी तिनं त्याच्या तोर्तियात चिल्तेपीनच्या चार मिरच्या जास्त चुरडल्या. त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. पण पठ्ठ्यानं शेवटचा घास संपवला आणि आणखी मागितला.

मग तो दुपारचा पूर आला.

डोक्यावर आभाळ निळंशार होतं. पाऊस दूर डोंगरात पडत होता, इथून नुसता एक काळा पडदा दिसत होता. नीवेस काठावर पाणी प्यायला आली होती. अचानक पाखरं गप्प झाली. वाऱ्याबरोबर ओल्या मातीचा वास आला... आणि पाठोपाठ एक घरघर, चढावर ट्रक चढावा तशी.

फेर्मीन ओढ्याच्या मध्यभागी होता. कानांवर हेडफोन!

"फेर्मीन! फेर्मीन!"

तो शांतपणे चकती फिरवत होता. नीवेस उतरली, धावली, पडली, उठली, आणि मागून त्याची कॉलर धरून तिनं त्याला गर्रकन फिरवलं. "अरे गाढवा, वर चल! पाणी आलं!"

दोघं काठ चढून वर पोचले, आणि वळणावर ते दिसलं.

आधी पाणी नव्हतंच. आधी काट्याकुट्यांची, फांद्यांची, फेसाची एक भिंत आली, सळसळत, कडाकडा मोडत. तिच्यामागं छातीइतकं तांबडं, दाट पाणी. अख्खं झाड उभ्यानं वाहत गेलं. जिथं फेर्मीन उभा होता तिथून ते गेलं. दोघांच्या पायांखालचा काठ थरथरत होता.

फेर्मीन पांढरा पडला होता.

"मी समुद्रावर वाढलोय," तो हळूच म्हणाला. "वादळं पाहिलीत. पण समुद्र आपल्या जागी असतो गं... हा तर चालत येतो."

"खालून ठोके ऐकू येतात? ते दगड आहेत. घराएवढे दगड चाललेत तळातून. त्यांच्याबरोबर सोनंही चाललंय. हे डोंगर झाले तेव्हापासून चाललंय."

"आणि आपण दोघं इथं उभे आहोत," तो म्हणाला. "आजच. याच काठावर."

एका गाढवानं दोघांचं अहो-जाहो संपवलं होतं, हे दोघांच्याही लक्षात आलं नव्हतं. तिचा हात त्याच्या हातात होता, हेही. नीवेसनं जन्मापासून पूर पाहिले होते. पण आज तिला तो पहिल्यांदाच दिसत होता, आणि छाती भरून येत होती. एवढं मोठं काहीतरी आपल्या दारावरून जातं, आणि आपण तोर्तिया शेकत बसतो!

"एक विचारू?" तो म्हणाला. "गावात मला बूटवाला नवरदेव का म्हणतात?"

विचारू नये त्या वेळी विचारलं, आणि सांगू नये त्या वेळी तिनं सांगितलं. हेडफोनचं, कायद्याचं, अपांच्या अंगठीचं, सगळं. ऐकता ऐकता त्याचे कान लाल झाले.

"म्हणजे मी तुला... त्या दिवशी... अरे देवा! पण ते तर चुकून झालं ना! मला खरंच माहीत नव्हतं, नीवेस, शप्पथ... चुकून झालं!"

नीवेसनं हात काढून घेतला.

"हो," ती म्हणाली. "चुकूनच. सगळ्यांना ठाऊक आहे. बंदराकडं जाणारा तुझा ट्रक कधी आहे?"

"बंदी उठलीय... उद्या सकाळी एक आहे, नाहीतर गुरुवारी. होड्या रविवारी निघतात."

"मग उद्याच जा. गुरुवारी गर्दी असते."

आणि ती मशीन उचलून चालू लागली. नावासारखी थंड झाली अगदी! घरी पोचेपर्यंत थंड राहिली, आणि न्हाणीत जाऊन नळ सोडून रडली.

सकाळी मात्र ती ओढ्यावर गेलीच. रडायला घर पुरतं, पण नवा ओढा रोज मिळत नाही. आणि काय तो ओढा! कालचं वळण नव्हतं, कालचे दगड नव्हते. जिथं गळ्याइतकी वाळू होती तिथं उघडा, निळसर कातळ चमकत होता. लाखो वर्षं उजेड न पाहिलेला दगड आज पहिल्यांदा ऊन खात होता. जमिनीत निजलेले बेडूक पुन्हा जागे होऊन डबक्यांतून एकमेकांना हाका मारत होते. लालभडक मखमली किडे वाळूवरून लगबगीनं निघाले होते. झुडपांना पावसाचा तो उग्र, गोड वास सुटला होता. नीवेस नुसती बघत उभी राहिली. जग असं रातोरात नवं होतं, मग माणसाला का होता येऊ नये?

कातळाच्या एका भेगेवर आवाज लागला. इतका पुसट, की तिनं श्वास रोखला. गोल. खोल. मऊ. इतक्या वर्षांत असा आवाज तिनं ऐकला नव्हता. हे मोठं होतं. तिनं कुदळ उचलली...

आणि खाली ठेवली. एकटीनं खणायचं तिच्या जिवावर आलं. असलं काही हाती लागलं, तर वर बघून कुणाला तरी सांगता यायला हवं. आणि तो कुणीतरी आज जाणार होता. तिनं भेगेवर एक पांढरा दगड ठेवला आणि गुडघ्यात डोकं घालून बसली.

"नीवेस."

तो होता. खांद्यावर कपड्यांची पिशवी, हातात काकाचं मशीन. पाय अनवाणी. बूट, नाड्यांची गाठ मारून, काठावरच्या झुडपाला लटकवलेले.

"ट्रक चुकेल तुझा," ती वर न बघता म्हणाली.

"गावातल्या दुकानाशी थांबलाय. ड्रायव्हर नाश्ता करतोय. दुकानदार कुकोकाका त्याला आग्रह करून करून वाढताहेत." तो तिच्यासमोर गुडघ्यांवर बसला. त्यानं मशीन सुरू केलं, चकती वाळूवर टेकवली आणि आपले हेडफोन, सावकाश, तिच्या केसांत बोटं अडकणार नाहीत असे, तिच्या कानांवर ठेवले.

नीवेसनं ऐकलं. एक बारीक गुणगुण, बस. खाली काहीच नव्हतं.

"काही वाजत नाहीये," ती म्हणाली.

"ठाऊक आहे," तो म्हणाला. तिनं एक कान मोकळा केला, तसा तो घाईघाईनं बोलायला लागला. "मला काही सापडलं नाही, नीवेस. पावसाळाभर फिरलो, एक कणही नाही. द्यायला काही नाही माझ्याकडे. कोळंबीचा वास तेवढा येतो. पण... पण या वेळी चुकून ठेवले नाहीत. बूटही काढून आलोय. हंगाम संपला की परत येईन. तू म्हणालीस तर. नाही म्हणालीस तर... तरी येईन, फक्त लांबून बघत बसेन."

नीवेसच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि हसूही. दोन्ही एकदमच आलं, त्याला ती काय करणार?

"कायद्यानं अर्धं माझं," ती म्हणाली. "अर्ध्या शून्याचं मी काय करू रे?"

"ते मीही रात्रभर विचार करतोय..."

"गप्प बस. इकडं ये."

ती त्याला हाताला धरून कातळापाशी घेऊन गेली. पांढरा दगड तिनं बाजूला सारला. त्याचे हेडफोन उतरवले, आपल्या मशीनचे घेऊन त्याच्या कानांवर ठेवले, नीट दाबून बसवले. तिच्या अंगठ्याखाली त्याची नस धडधडत होती.

"काही ऐकू नाही येत," तो ओरडला.

तिनं त्याच्या ओठांवर बोट ठेवलं. श्वास रोख, अशी खूण केली. चकती भेगेवरून अलगद नेली.

त्याचा चेहरा हळूहळू बदलला. डोळे विस्फारले. तो भेगेकडे बघत होता, मग तिच्याकडे, मग पुन्हा भेगेकडे. डोंगर झाले तेव्हापासून निघालेलं काहीतरी इथवर येऊन थांबलं होतं, आणि तिनं ते त्याच्या कानात घातलं होतं.

तेवढ्यात दुकानाकडून ट्रकचा भोंगा वाजला. एकदा. दोनदा. मग चांगला लांबलचक.

फेर्मीनच्या कानांवर हेडफोन होते. नीवेसला भोंगा स्वच्छ ऐकू आला. तिनं काही त्याला सांगितलं नाही.