टोळधाडीतला हात

चांद्रस्थानकावरील विरंगुळा-कक्षासाठी निवडलेल्या खेळांत 'टोळधाड' पहिला होता, आणि तो तिथल्या संगणकावर बसवण्याचे काम नेमके विश्वंभर सोवनींकडे आले. नाणे टाकून खेळण्याच्या यंत्रांच्या काळातला हा खेळ युनिक्स या संगणकप्रणालीच्या एका जुन्या रूपावर चालत असे; स्थानकावरचे युनिक्स वेगळ्या घराण्याचे. एका प्रणालीवरची आज्ञावली दुसरीवर नेऊन बसवण्याच्या या कामाला पुण्याच्या प्रयोगशाळेत 'प्रणालीपालट' म्हणत.

'टोळधाड' अच्युत मिराशीचा. तो आणि सोवनी एकाच तंत्रनिकेतनातून निघून चिंचवडच्या एकाच खेळयंत्रांच्या कारखान्यात लागले होते. अच्युतने खेळ लिहिला. सोवनींच्या वाट्याला आली स्वयंचाचणी. यंत्राचे भाग ठीक आहेत की नाहीत हे पाहून ती पडदा उजळण्यापूर्वीच संपत असे. खेळ गाजला तो टोळांच्या धूर्तपणामुळे. समोर कोणी जिवंत प्रतिस्पर्धी बसल्यासारखे ते खेळाडूच्या बंदुकीला हुलकावणी देत. अच्युतच्या प्रत्येक सत्काराला सोवनींनी पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्या आणि घरी परतताना बायकोशी चकार शब्द काढला नाही.

आणखी एक सल होता. कारखान्यातले कँटीनवालेसुद्धा हा खेळ जिंकत; सोवनी कधीही जिंकले नाहीत. "विश्वंभर, लेका, तुझ्या मनातलं टोळांनाही कळतं," असे अच्युत सर्वांसमक्ष म्हणे. शेवटी सोवनींनी बंदूक फिरवण्याच्या दांड्याला हात लावणेच सोडले.

आता पालट पूर्ण झाला, आणि टोळ मूर्ख झाले. ते सरळ रेषेत खाली येत आणि गोळी खात. सोवनींनी अच्युतची मूळ आज्ञावली ओळ न् ओळ तपासली. धूर्तपणाची एकही ओळ तीत नव्हती. टोळाने कोणत्या बाजूला सरकायचे हे ठरवण्यासाठी अच्युत स्मृतीच्या एका कप्प्यातल्या संख्या वाचत होता, आणि त्या कप्प्यात आधी काही भरायलाच विसरला होता.

सोवनींनी अहवालाचा मसुदा प्रयोगशाळाप्रमुख डॉ. नंदिनी खांबेटे यांच्यापुढे ठेवला. कक्षाच्या उद्घाटनाच्या दिवशी अच्युतचा सत्कार ठरला होता. हा अहवाल गेल्यावर तो होणे शक्य नव्हते.

"बुद्धी नव्हतीच, मॅडम. विसराळूपणा होता." आवाजातला आनंद त्यांना लपवता आला नाही.

खांबेटे बाईंनी मसुदा शांतपणे वाचला. "कप्पा रिकामा असता, तर जुन्या यंत्रावरही टोळ सरळच आले असते ना, सर?"

"जुनं युनिक्स स्मृती पुसत नसे. स्थानकाचं युनिक्स ती प्रत्येक आज्ञावलीला धुऊनच देतं. जुन्यात आधीच्या आज्ञावलीचं उष्टं तसंच राहायचं. स्मृतिशेष म्हणतो आम्ही त्याला."

"मग खेळाच्या आधी तिथं कोण जेवून उठायचं?"

खेळाच्या आधी चालणारी आज्ञावली एकच होती: सोवनींची स्वयंचाचणी.

ते सावकाश सांगू लागले. स्मृती तपासायची तर तीत काही लिहून परत वाचावे लागते. इतर चाचणीवाले आळीपाळीने शून्य आणि एक भरत. सोवनींना ते फार बाळबोध वाटे. त्यांनी दांडा हातात घेऊन मनाला येईल तसा डावी-उजवीकडे हलवला, ती हालचाल संख्यांत नोंदवली आणि चाचणीचा नमुना म्हणून चिपमध्ये कोरली. चाचणी संपल्यावर स्मृती पुसायला हवी होती. पडदा लवकर उजळावा म्हणून त्यांनी ती पायरी गाळली.

"मनाला येईल तसा म्हणजे सवयीनं, सर. हात कधी स्वैर नसतो."

पुढचे सोवनींना सांगावे लागले नाही. खेळ त्या संख्या उलट वाचत होता: हात डावीकडे, तर टोळ उजवीकडे. इतरांना त्यात एक सजीव चलाखी दिसे. सोवनींचा हात मात्र जिथे जाणार, तिथून टोळ आधीच निसटलेला असे. ज्या बुद्धीचा त्यांनी चाळीस वर्षे हेवा केला, ती त्यांच्याच मनगटातली होती; आणि तीही नकळत सांडलेली.

एका संग्रहालयात जपलेल्या जुन्या यंत्राची चिप वाचून त्यांनी तो नमुना नव्या पालटात भरला. टोळ पुन्हा धूर्त झाले.

"अंतिम तपासणी तुम्हीच करा," बाई म्हणाल्या.

सोवनी दांड्याशी बसले. अलीकडे त्यांच्या उजव्या हाताला कंप आला होता. तो मध्येच अडखळे, ठरवल्यापेक्षा उशिरा पोहोचे. जुन्या, चपळ हाताला चुकवण्यासाठी टोळ निसटत आणि नेमके या थरथरत्या हातापुढे येऊन पडत. एकामागून एक धाडी संपल्या. जुन्या यंत्रावरून आणलेला गुणफलक पडद्यावर आला. अच्युतच्या नावाच्या वर एक जागा उघडली, आणि यंत्राने नाव विचारले.

"जिंकलात, सर."

सोवनींनी आधी मसुदा जवळ ओढून अच्युतविषयीचा परिच्छेद खोडला. मग ते पडद्याकडे पाहत राहिले. नावाची जागा लुकलुकत होती. त्यांना इतकी वर्षे हरवणारा तो तरुण हात आता चंद्रावर जाणार होता, आणि तिथेही तो कधी थरथरणार नव्हता. अच्युतचाही कधी वाटला नव्हता इतका हेवा सोवनींना त्या हाताचा वाटला.