टेबल नंबर एकतीसवरचं खोटं कार्ड

"मी हलणार नाही," लोरेटा प्रुइट म्हणाली आणि हॉलच्या मधोमध खुर्ची ओढून बसली. "पोलीस बोलवा, नाहीतर आग विझवणारे बोलवा. मी चोर नाही."

साठीची बाई. शाळेची बस चालवते. वीस वर्षं डेटनच्या या कार्ड शोला, जुन्या बेसबॉल खेळाडूंच्या चित्रकार्डांच्या बाजाराला येते. आणि आज आयोजक मर्ल स्ट्राउडनं माइकवरून सगळ्यांसमोर सांगितलं होतं की, हिला यापुढे या दारातून आत घ्यायचं नाही.

नदीन कोसार गर्दीतून पुढे आली. आठवडाभर ती लोकांच्या भानगडी उकलून पोट भरायची, रविवारी बेसबॉलची कार्डं धुंडाळायची. मागे तिचा मावसभाऊ वेंडेल, हातात चिकन सँडविच.

"दहा मिनिटं दे, मर्ल."

"पाच."

"दहा. वेंडेलला हे सँडविच संपवायला तेवढी लागतात."

भानगड अशी. टेबल नंबर एकतीस ड्युएन हॉस्टेटलरचं. त्याच्याकडे १९४९ सालचं एका पिचरचं, म्हणजे चेंडू टाकणाऱ्या खेळाडूचं कार्ड, किंमत एकोणीसशे डॉलर. दहा वाजता लोरेटानं ते हातात घेऊन बघितलं, परत दिलं. साडेदहाला किप बार्लो नावाच्या गिऱ्हाइकानं ते जांभळ्या दिव्याखाली धरलं, तर लख्ख चमकलं. इतका जुना कागद त्या दिव्याखाली मंदच राहतो. चमकतो तो हल्लीचा. म्हणजे कार्ड नकली.

"हिनंच बदललं," ड्युएन म्हणाला. "सकाळी मी स्वतः दिवा मारून बघितलं होतं. खरं होतं."

"हिनं परत दिल्यावर काय केलंस?"

"कडक कव्हरात सरकवलं, वर निळी चिकटपट्टी लावली, काचेखाली ठेवलं. वर ही टोमणा मारून गेली."

"मारणारच," लोरेटा खुर्चीतूनच बोलली. "एवढं महागाचं कार्ड आणि आतली स्लीव्ह बघा, पातळ प्लास्टिक नुसतं धुरकटलेलं. म्हटलं, दोन सेंटची नवी घाल की, कंजुषा."

"कार्ड घेणाऱ्याला प्लास्टिकशी काय करायचंय?" ड्युएन तडकला. मग जरा नरमला. "पण पुढे एक म्हातारा आला, त्याला काचेतून खेळाडूचं नाव वाचता येईना. मलाही येईना. मग कव्हरावर नावाची चिठ्ठी चिकटवली. किप त्याच्या मागेच उभा होता."

"नंतर चिकटपट्टी कोणी काढली?"

"किपनं. माझ्यासमोर."

नदीननं टेबलावरचं नकली कार्ड स्लीव्हसकट उचललं. पिचरच्या टोपीवरची शिवण एकेक टाका मोजता येईल इतकी साफ दिसत होती.

किप पंचविशीचा, गोड बोलणारा. काखेत बुटांचा खोका. आतून काळा रंगवलेला, बाजूला हात घालायला भोक, वर डोळा लावायला भोक.

"इथे इतका उजेड," तो म्हणाला. "दिवा अंधारातच मारावा लागतो, बाई. स्लीव्हसकट आत धरलं, बघितलं, बाहेर काढलं. बस."

"हेच कार्ड का मागितलंस?"

"काचेतून चारही कोपरे दिसले ना. एकदम कोरे. म्हणून थांबलो."

वेंडेल नदीनच्या कानाशी आला. "म्हातारीच असणार. नाहीतर ड्युएन, विम्यासाठी."

"तू खा."

मर्लनं घड्याळ दाखवलं. नदीन टेबलाला टेकली.

"ऐक, मर्ल. लोरेटा गेली, त्यानंतर म्हातारा आला. तेव्हाही स्लीव्ह धुरकटच होती, इतकी की नाव वाचता येईना. आता हातात आहे ती कोरी. म्हणजे कार्ड स्लीव्हसकट बदललं, आणि तेही म्हाताऱ्यानंतर. म्हाताऱ्यामागे लगेच किप. चिकटपट्टी निघाली ती त्याच्याच हातानं."

"ड्युएन का नाही?" वेंडेल अडून बसला.

"ड्युएनचा हात असता तर स्लीव्हची गोष्ट तो स्वतःच्या तोंडानं बोलला असता? आणि नाव वाचता येत नव्हतं त्या प्लास्टिकमधून याला चार कोपरे कोरे दिसले. यानं काचेतलं कार्ड नीट बघितलंच नव्हतं. याला फक्त बदलायचं होतं."

"माझी बॅग तपासा," किप म्हणाला.

"बॅग नको. खोका दे."

किपनं खोका छातीशी धरला. इथे दुसऱ्याच्या खोक्याला विचारल्याशिवाय कोणी हात लावत नाही, मर्लही घुटमळला. लोरेटा मात्र उठली आणि तिनं तो सरळ ओढून घेतला. तळाचा काळा पुठ्ठा उचकटला, तर खाली धुरकट स्लीव्ह. ड्युएननं दिवा मारला. कार्ड मंदच राहिलं.

"पण नकली कार्डाला नवी स्लीव्ह कशाला घालायची?" वेंडेलला अजून पटेना. "कवडीमोलाचं ते."

"तू कधी उघडं कार्ड खिशात घातलंयस?"

"छे. अंगावर काटा येतो."

"त्याच्याही आला. खोटं असलं म्हणून काय झालं, हात तर कार्डं जमवणाऱ्याचेच."

मर्लनं माइकवर माफी मागितली, पुटपुटत. लोरेटानं त्याला ती दुसऱ्यांदा मागायला लावली, मोठ्यानं.

ड्युएन मान खाली घालून म्हणाला, "लोरेटा, निम्म्यात घेऊन जा. माझं चुकलं."

लोरेटानं पर्समधून पाकीट काढलं. दोन वर्षं ती याच कार्डासाठी साठवत होती.

"एकोणीसशे," ती म्हणाली. "एक डॉलर कमी घेतलास तर बघ. आणि पावतीवर माझं पूर्ण नाव घाल. हे कार्ड लोरेटा प्रुइटकडे कसं आलं, ते उद्या कोणाला विचारायची वेळ यायला नको."