जिथे तारा गंजल्या नव्हत्या

गिटार बघायला गेलो होतो, एवढंच. मे महिन्यातली शनिवारची दुपार होती. खांदेश्वर स्टेशनला उतरून रिक्षा केली. यात सांगण्यासारखं काय, असं तुम्हाला वाटेल. मी तर मुळातच घाबरट. कुकरची शिट्टी झाली तरी दचकते, त्यामुळे माझं कोणी मनावर घेत नाही. म्हणून जसं झालं तसंच सांगते, पदरचं काही घालत नाही.

कॉलेजात असताना मैत्रिणीच्या गिटारवर मी बोटांनी वाजवायला शिकले होते. हातात तारा छेडायची प्लास्टिकची पिक धरायची नाही, नुसती बोटं. अंगठा जाड तारांवर ठेका धरतो, बाकीची बोटं बारीक तारांवर सूर काढतात. जमलं तर एकटं माणूस दोघांचं वाजवतंय असं वाटतं. त्यासाठी उजव्या हाताची नखं जरा वाढवावी लागतात. पुढे मैत्रीण बंगळुरूला गेली, तिच्याबरोबर गिटारही गेली. मी नखं मात्र वाढवत राहिले. उगाचच.

वरदशी साखरपुडा झाला तेव्हा मी त्याच्याकडे एकच गोष्ट मागितली होती. लग्नानंतर रोज थोडा वेळ मला वाजवू द्यायचं. तो हो म्हणाला, पण मोबाइलमधून मान वर न काढता. तेव्हापासून ते 'हो' मला टोचत होतं. गिटार आधीच हातात असली तर ते खरं होईल, असं काहीतरी माझ्या मनाने घेतलं. नवी परवडणारी नव्हती. लग्नाचा खर्च बाबा करत होते, त्यांच्याकडे आणखी मागवेना. म्हणून ऑनलाइन जुन्या गिटारी बघत बसायचे. त्यात ही दिसली. 'चांगल्या स्थितीत. घरात वाजवणारं कोणी नाही.'

वरद माझ्यासोबत आला होता. दार चंद्रशेखर नावाच्या गृहस्थांनी उघडलं. चाळिशीचे, हळू बोलणारे. हॉलमध्ये त्यांची आई मेथी निवडत बसली होती. भिंतीवर एका बाईचा फोटो होता, चंदनाचा हार घातलेला.

"माझी मिसेस," ते म्हणाले. "गीतांजली. तिचीच गिटार. ती गेल्यापासून हात लावलेला नाही कोणी. येताय ना आत?"

आतल्या खोलीत जाड पडदे ओढलेले होते. पलंगावर धुतलेली चादर अंथरून त्यावर गिटार आडवी ठेवली होती. का कोण जाणे, मी चपला बाहेर काढल्या होत्या तरी पुन्हा पायांकडे पाहिलं.

जुनी गिटार कशी बघतात ते मला ठाऊक होतं. आधी डोळ्याजवळ धरून मानेची रेघ बघायची, वाकलेली नाही ना. मग तारा लाकडापासून किती उंच आहेत ते. फार उंच असतील तर बोटं सोलून निघतात. दोन तारांमध्ये बोट सहज शिरेल एवढी जागा हवी. मधल्या भोकाला नाक लावून वास घ्यायचा, कारण आपल्याकडच्या दमट हवेत आत बुरशी धरते.

मान सरळ होती. तारा खाली, जागा ऐसपैस. इतकी मनासारखी गिटार मी हातात धरली नव्हती. वास घेतला. बुरशीचा नव्हता. लसणाचा होता. ओला, ताजा. आत्ताच कोणी लसूण सोलून हात न धुता वाजवून गेलं असावं, तसा.

आणि तारा. तारा गंजलेल्या होत्या. लाल, खरखरीत. पण सगळीकडे नाही. वरच्या बाजूला, डाव्या हाताची बोटं जिथे पडतात तिथे, आणि खाली भोकाजवळ, उजव्या हाताची पडतात तिथे, त्या चकचकीत होत्या. रोज कोणी वाजवावं तशा.

"वाजवत नाही ना कोणी?" मी विचारलं.

"नाही हो," चंद्रशेखर म्हणाले. ते आईकडे बघत होते.

काकू मेथीची परात तशीच ठेवून दारात आल्या होत्या. माझ्या हाताकडे बघत होत्या.

"एकाच हाताची वाढवलीयेस?"

"वाजवायला लागतात."

"गीतांजलीचंही तेच. कणीक मळली की नखांत अडकणार. घरात खाणारी माणसं असतात की नाही?" आवाजात राग नव्हता, भाजी महाग झाली म्हणावं तसं म्हणाल्या. "शेवटी मीच कापली, समोर बसवून. रडली. आता नखांत रडण्यासारखं काय असतं, तूच सांग."

वरद हसला. "आमच्या आईचंही अगदी हेच म्हणणं आहे, काकू."

मी त्याच्याकडे पाहिलं. म्हणजे माझ्या नखांवर त्या घरात बोलणं झालं होतं, आणि मला कळलंही नव्हतं.

"तुम्ही या हो, बाल्कनीतून विमानं दिसतात आता," असं म्हणत चंद्रशेखर त्याला बाहेर घेऊन गेले. काकू स्वयंपाकघराकडे वळल्या. मी पलंगाच्या कडेवर बसले, गिटार मांडीवर घेतली आणि एकेक तार छेडून पाहिली.

सुरात होती. सहाच्या सहा तारा. न वाजवलेली गिटार आठवडाभरात उतरते, इथे खाडीच्या हवेत तर लवकरच.

तेवढ्यात लाइट गेले. डोक्यावरचा पंखा एकेक पातं दाखवत थांबला. पडद्यांमुळे खोली तपकिरी झाली. फ्रिजची घरघर बंद पडली, आणि ती चालू होती हे मला तेव्हा कळलं. मला उठावंसं वाटलं, पण वरद हसला असता. मी अंगठ्याने जाड तारांवर ठेका धरला, सावकाश, नुसता धीर यावा म्हणून.

बारीक तारा बोलू लागल्या.

आधी वाटलं, एक तार हलली की शेजारची कापते, तसं असेल. पण ते कापणं नव्हतं. सूर होते, एकामागून एक, माझ्या ठेक्यात बसणारे. माझी तीन बोटं तर आखडून तळव्याला लागलेली होती. मी अंगठा थांबवला... सूर थांबले नाहीत. ठेकाही आता मी धरत नव्हते, तरी चालू होता. मी सगळा पंजा तारांवर दाबला. तळव्याखाली त्या थरथरत राहिल्या, मुठीत धरलेल्या पाखरासारख्या. आणि माझ्या बोटांच्या मधून काहीतरी टोकदार, गार, हळूच पुढेमागे होत होतं. माझ्या बोटांना जागा करून देत...

"थांबलीस तरी ती थांबायची नाही." काकू दारात होत्या. हातात लाटणं. कुजबुजत होत्या, पण त्या घाबरलेल्या नव्हत्या. वैतागलेल्या होत्या. "बरोबर पोळ्यांच्या वेळेला सुरू होतं. जिवंतपणी तेच, आत्ताही तेच."

मी पंजा तारांवरून काढून घेतला.

"याआधी दोघांनी नेली होती. दोघांनी परत आणून दिली. मुलगे होते ते." त्या जवळ आल्या. लसणाचा वास त्यांच्या हातांना नव्हता, हे मला कशाला जाणवावं... "तुझ्याकडे रमेल. घेऊन जा, बाई. आमचं आयुष्य गेलं हिच्या मागे."

लाइट आले. पंखा फिरू लागला. गिटार गप्प झाली. मी ती चादरीवर ठेवली तेव्हा वरद आत आला, आणि आमची ओळख झाल्यापासून पहिल्यांदाच माझ्याकडे कौतुकाने बघत होता.

"काय वाजवत होतीस गं शेवटी. आम्ही बोलायचे थांबलो बाहेर. असं कधी ऐकवलं नाहीस."

"ते मी नव्हते."

"बरं," तो म्हणाला, आणि चंद्रशेखरांकडे वळून गंजलेल्या तारा दाखवत घासाघीस करू लागला.

"मला नकोय ही," मी म्हटलं.

"आत्ता तर हवी होती. हिचं असंच असतं, काका, आयत्या वेळी टेन्शन घेते." सगळे हसले. काकूसुद्धा. पैसे त्याने दिले.

रिक्षात मी त्याला सगळं सांगितलं. लसूण, तारा, काकू. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "म्हातारीने फिरकी घेतली तुझी. हे बघ, गिटार आमच्याकडेच राहू दे सानपाड्याला. लग्नानंतर तिथेच तर लागणार तुला." कव्हरची चेन त्याने लावली होती. गिटार आमच्या दोघांच्या मध्ये होती.

त्यानंतर मी त्याच्या घरी गेले नाही. महापेला ऑफिसात काम आहे, डोकं दुखतंय, काहीबाही कारणं दिली. त्यानेही फार विचारलं नाही. आपल्याला कोणी विचारत नाही तेव्हा जरा वाईट वाटतं. मलाही वाटलं. तो का विचारत नाही, ते मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

एका दुपारी वरदच्या आईचा फोन आला. साखरपुड्यापासून मी त्यांना आईच म्हणायचे. मी ऑफिसात जेवायला बसले होते, शेजारी माझी मैत्रीण सोनम होती.

"पोचलीस का गं? न जेवताच गेलीस."

"आई, मी सकाळपासून ऑफिसात आहे."

"हो, तेच विचारतेय, पोचलीस ना." त्या नेहमीपेक्षा मऊ बोलत होत्या. "रोज येतेस, खोलीत बसून वाजवतेस, घर भरल्यासारखं वाटतं बघ. वरद तर दुपारी घरी येऊन ऐकत बसतो. फक्त आजचा राग धरू नकोस. तूच हात पुढे केलास म्हणून मी कापली. वाढतील परत... नाही वाढली तरी काय बिघडलं? आपल्या घरात शोभतात का ती?"

मी माझा उजवा हात पाहिला. नखं होती. पाचही.

"केवढा गार होता गं हात तुझा," त्या म्हणाल्या. "रक्त तपासून घे एकदा."

मी नाही म्हणू शकले असते. ती मी नाही, तिला परत खांदेश्वरला पाठवा, असं ओरडून सांगू शकले असते. पण मला काय वाटलं सांगू? सुटल्यासारखं वाटलं. तो हात माझा नव्हता. मी फक्त "बरं, आई" म्हटलं आणि फोन ठेवला.

त्याच आठवड्यात मी वाशीला वरदला भेटले आणि अंगठी टेबलावर ठेवली. लग्न करायचं नाही म्हणून सांगितलं. नखांचं बोलले, मोबाइलमधल्या त्या 'हो'चं बोलले. इतकं सलग मी आयुष्यात बोलले नव्हते. तो भांडेल, निदान दुखावेल, असं वाटलं होतं. त्याने अंगठी खिशात टाकली. "ठीक आहे," तो म्हणाला. "राग उतरला की ये. आईने तुझ्यासाठी भाकरीचं पीठ काढून ठेवलंय. भाकऱ्या काय सुरेख थापतेस हल्ली."

मला भाकरी येत नाही.

त्यानंतर त्यांच्याकडून कोणी आलं नाही. साखरपुड्याची साडी मागितली नाही, नातेवाइकांत बोलणं नाही. बाबा म्हणतात, चांगली माणसं होती, गाजावाजा केला नाही. मी काही बोलत नाही. मी दुसरी गिटार घेतली नाही. घेईन असं वाटतही नाही. मांडीवर नुसती बोटं चालवायला गेलं तरी ती वळतात आतल्या आत.

परवा सोनम डबा उघडता उघडता म्हणाली, "तू सानपाड्याला कधी गेलीस राहायला? सांगितलंही नाहीस."

मी माझ्या डब्याचं झाकण परत लावलं.

"काल संध्याकाळी तिथल्या एका सोसायटीखालून जात होते. तू दुसऱ्या मजल्यावर कपडे वाळत घालत होतीस. दोनदा हाक मारली मी. पाहिलंस, पण ओळख दाखवली नाहीस. केवढी वाळलीस गं... रडत होतीस का? मला नीट दिसलं नाही. आतून कोणीतरी बोलावलं, तशी तू बादली उचलून लगबगीने आत गेलीस."