बुरुल सापडत नाही

खरं सांगतो, भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता. कुणी असलं काही सांगायला लागलं की मी उठून जायचो.

पण हे माझ्या स्वतःच्या बाबतीत घडलंय. रात्रीबेरात्री नाही, भरदुपारी. बिश्केकमध्ये, आमच्या ऑफिसात, आजूबाजूला माणसं चहा पीत बसलेली असताना.

नौरुझचा, वसंतातल्या नव्या वर्षाचा सण तोंडावर आला होता. रस्त्याकडेचा बर्फ वितळून नुसता काळा चिखल झाला होता. मी एर्मेक. त्या ऑफिसात लागून मला वर्ष होत आलं होतं. गावोगावच्या बसची तिकिटं ऑनलाइन विकणारा एक प्रोग्राम होता, तो सांभाळायचं आमचं काम. प्रोग्राम जावा नावाच्या संगणकाच्या भाषेत लिहिलेला.

लिहिणारा होता कुबात.

तो आधीच्या हिवाळ्यात घाटात गाडी घसरून गेला. त्याच्या जागेवर मला घेतलं. त्याचीच खुर्ची, त्याचंच टेबल. खणात सूर्यफुलाच्या बियांची टरफलं निघाली... मूठभर. काम करताना सतत बिया फोडायची त्याला सवय होती म्हणे. मी ती झटकून टाकली आणि कामाला बसलो.

समोरच्या टेबलावर बुरुल बसायची.

बुरुल आणि कुबातचं लग्न ठरलेलं होतं. हे मला पहिल्याच दिवशी संध्याकाळी कुणीतरी हळूच सांगितलं. उशीर झाला होता. मला ती सकाळीच आवडली होती.

पुढे आमचं जमलं. सावकाश जमलं, पण जमलं. ओश बाजारातून मी गरम समसा, म्हणजे तंदूरमध्ये भाजलेला सामोसा आणायचो. ती अर्धा खायची, अर्धा मला द्यायची.

"कुबात पलीकडच्या तंदूरवरून आणायचा," एकदा ती बोलून गेली. "त्यात कांदा जास्त असायचा."

दुसऱ्या दिवशी मी पलीकडच्या तंदूरवर गेलो. रांगेत उभा राहिलो आणि माझा मलाच संताप आला.

जिवंत माणूस असता तर भांडलो असतो. मेलेल्याशी काय भांडणार?

आणि तो तर त्या प्रोग्राममध्ये जागोजाग होता. ओळींच्या मधे त्यानं बुरुलसाठी टिपा लिहून ठेवल्या होत्या. 'बुरुल, इथे हात लावायच्या आधी चहा पी.' 'बुरुल, ही चूक तुझी आहे, पण मी माझ्या नावावर घेतलीय.' कामाच्या ओघात तिच्यासमोर त्यातली एखादी यायची आणि ती गालात हसायची. तसं हसणं माझ्या वाट्याला कधी आलं नव्हतं.

हद्द म्हणजे एका क्लासचं नावच त्यानं 'बुरुल' ठेवलं होतं.

जावामध्ये सगळं काम अशा क्लासमध्ये वाटलेलं असतं. प्रत्येकाला एक नाव. एक क्लास दुसऱ्याला नावानं हाक मारतो. तो सापडला की काम पुढे जातं. नाही सापडला की ते नाव पडद्यावर लाल होतं. हा 'बुरुल' क्लास परतीच्या तिकिटांचं बघायचा. आमच्या भाषेत बुरुल म्हणजे 'वळ'. साहेबांना कुबातनं तेवढंच सांगितलं होतं... बस वळून परत येते, म्हणून बुरुल. खरं काय ते ऑफिसात सगळ्यांना माहीत होतं.

त्या दुपारी सणाच्या जादा बसची परतीची तिकिटं चालू करायची होती. मी प्रोग्राम उघडला.

आणि बघतो तर...

सगळीकडे 'बुरुल' लाल.

खाली संदेश. 'बुरुल' सापडत नाही.

असं होतं अधूनमधून. सॉफ्टवेअरनं जुनंच काहीतरी लक्षात धरून ठेवलेलं असतं. मी ते पुसलं, सॉफ्टवेअर बंद करून परत चालू केलं.

लाल.

सगळा प्रोग्राम नव्यानं बांधून घेतला.

लाल.

फोल्डरात जाऊन पाहिलं. फाइल जागच्या जागी होती. उघडली. नावातलं अक्षर न अक्षर बरोबर. आतली ओळ न ओळ शाबूत. मग माझ्याकडचं सगळं पुसून टाकलं आणि सर्व्हरवरून कोरी प्रत उतरवली. जावासुद्धा काढून पुन्हा घातलं.

तरी लाल.

डोळ्यांसमोर असलेली वस्तू नाहीच, असं मशीन म्हणत होतं.

आमचे साहेब तोक्तोसून चहाचा पेला घेऊन मागे येऊन उभे राहिले. त्यांना आम्ही सगळे बाइके, म्हणजे दादा म्हणायचो.

"काय रे, तासाभरापासून बघतोय, तोंड का पाडलंयस?"

"बाइके, बुरुल सापडत नाहीये."

"अरे, समोर तर बसलीय." पलीकडचे दोघंतिघं हसले. "लग्नाआधीच ही गत? मग संसार कसा करणार तू?"

बाइकेंनी तीच प्रत स्वतःच्या मशीनवर उघडली. एकही नाव लाल नाही. बुरुलच्या मशीनवर उघडली. नाही.

"घोळ तुझ्याकडेच आहे," बाइके म्हणाले. "ऊठ. तिला बसू दे तिथं."

मी उठलो. बुरुल माझ्या खुर्चीत बसली. तिनं कीबोर्डवर नुसता हात ठेवला...

लाल रंग गेला. वरून खाली, एकेक नाव करत. तिनं एकही बटण दाबलं नव्हतं.

"झालं की," ती म्हणाली आणि उठली.

मी बसलो. कीबोर्डवर बोटं टेकवली...

लाल.

या खेपेला कुणी हसलं नाही. बुरुल पुन्हा बसली, लाल गेलं. मी बसलो, लाल आलं. बाइकेंनी पेला खाली ठेवला. मला म्हणाले, "हात काढ." मी काढला. म्हणाले, "ठेव." मी ठेवला.

तेवढ्यात माझ्या कानामागे...

कट्.

बारीक आवाज. दातांखाली बी फुटल्यासारखा.

थोडं थांबून परत... कट्.

मी वळलो. मागे खिडकी. बंद. कुणी नाही. पलीकडचे आपसात कुजबुजत होते, त्यांना काही जाणवलेलं दिसलं नाही. बुरुलकडे पाहिलं तर तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"ऐकलंस तू?" मी विचारलं.

ती माझ्या खांद्यामागे बघत राहिली.

"हे बघ," बाइके म्हणाले. त्यांचा आवाज मऊ झाला होता. "सण डोक्यावर आलाय. लोकांना गावी जायचंय, परत यायचंय. कारण शोधत बसू नकोस. नाव बदल आणि मोकळा हो."

"नाव?" बुरुल म्हणाली.

"अगं, तुझं नाही. क्लासचं."

मी लगेच बदललं. 'परतीचा प्रवास' असं साधं नाव दिलं. जिथं जिथं बुरुल होती तिथून ती काढली, आणि प्रत्येक वेळी मला बरं वाटत गेलं. हातासरशी त्या टिपाही काढल्या. सगळ्या. ते काही बाइकेंनी सांगितलं नव्हतं.

एकही नाव लाल राहिलं नाही. परतीची तिकिटं धडाधड विकली जायला लागली.

बुरुलनं तिच्या मशीनवर नवी प्रत उघडली. बराच वेळ वाचत होती.

"टिपा पण काढल्यास?"

"कामाच्या नव्हत्या."

"मला विचारायचं होतंस, एर्मेक."

ती कोट घालून बाहेर पडली. थांब्यावर थांबते म्हणाली. मी आवराआवर करून पाठोपाठ निघालो. अजून चांगलं ऊन होतं. थांब्यावर एक बाक, एक सूर्यफुलाच्या बिया विकणारी म्हातारी आणि शाळेतून सुटलेली पोरं. बुरुल नव्हती.

एक मिनीबस आली, गेली. दुसरी आली, गेली. मला वाटलं रागावून निघून गेली असेल. शेवटी फोन लावला.

घंटी वाजली... अगदी जवळ वाजली.

"कुठे आहेस?" मी विचारलं.

"हे काय चाललंय तुझं?" तिचा आवाज कापत होता.

"मी थांब्यावर आहे."

"मी पण थांब्यावरच आहे. तुझ्यासमोर बसलेय. मघापासून हाका मारतेय तुला. तू माझ्याकडेच बघतोयस, एर्मेक. माझ्या तोंडाकडे बघतोयस आणि इकडेतिकडे शोधतोयस."

माझ्यासमोर बाक होता.

रिकामा.

मग माझ्या बाहीला कुणीतरी धरलं आणि ती दिसली. बाकावर बसलेली. कानाला फोन, डोळ्यांत पाणी. म्हातारी आमच्याकडे टक लावून बघत होती. तिला ती पहिल्यापासून दिसत असणार.

त्या गुरुवारी बुरुल मला कारा-बाल्ता गावाला घेऊन गेली. कुबातच्या आईकडे. शाइर तिचं नाव, सगळे तिला अपा, म्हणजे आई म्हणायचे. मला जायचं नव्हतं. त्याच्या घरी, त्याच्या आईच्या हातचं कसं खायचं? पण बुरुल म्हणाली, "तू नाही आलास तर मी एकटी जाईन." एकटीनं जाऊ द्यायचं तर त्याहून नको होतं.

अपानं दार उघडलं. बुरुलला पोटाशी धरलं. मग माझ्याकडे पाहिलं.

"हा तो का?"

"हो, अपा."

"ये बाळा, आत ये. बूट तिकडे काढ."

कढईत तेल तापत होतं. अपा पिठाचे छोटे छोटे तुकडे, बोरसोक, त्यात सोडत होती. आमच्याकडे दर गुरुवारी, गेलेल्या माणसांसाठी असं तळतात. तेलाचा वास त्यांच्यापर्यंत पोचतो म्हणतात. बुरुलनं सगळं सांगितलं. मला वाटलं म्हातारी आम्हाला वेड्यात काढेल. पण तिनं झाऱ्यानं बोरसोक उलटे केले आणि म्हणाली,

"लहानपणापासून तसाच तो."

"कसा, अपा?" मी विचारलं.

"त्याचं एक कोकरू होतं. लाडकं. त्याच्या बापानं ते धाकट्याला देऊन टाकलं. कुबात रडला नाही, भांडला नाही. दुसऱ्या दिवशी कोकरू गायब. अख्खं गाव शोधत फिरलं. शोधून शोधून दमलो, तर होतं आमच्याच मेंढवाड्यात, बाकीच्या मेंढरांत. सगळे त्याच्या अंगावरून गेलो होतो. दिसलं कुणालाच नाही."

"मग?"

"मग काय? त्याच्या मनात आलं तेव्हा दिसलं."

बुरुल मान खाली घालून बसली होती. अपानं तळलेलं ताटात काढलं, ताट मध्ये ठेवलं, दोन्ही तळवे उघडून प्रार्थना म्हटली. शेवटी नुसतं म्हणाली, "कुबात, सोन्या, आता पुरे. पोरीला जगू दे."

खोलीत काहीच झालं नाही. बाहेर कुत्रं भुंकत होतं, तेही तसंच भुंकत राहिलं. अपानं पहिला बोरसोक मला दिला.

निघताना मात्र तिनं मला दारात अडवलं. "त्याच्या टिपा तू काढल्यास ना?"

"हो."

"वाईट केलंस," ती म्हणाली. रागानं नाही. तब्येतीची चौकशी करावी तशी.

त्यानंतर सगळं सुरळीत झालं. पुढच्या शरदात आमचं लग्न झालं. अपा आली होती, नवरीच्या डोक्यावर बांधतात तो पांढरा रुमाल बुरुलला तिनंच बांधला. मी ती नोकरी सोडली. बुरुलनंही सोडली. कुबातचं नाव आमच्या घरात निघत नव्हतं. मला वाटलं, जिंकलो.

मग एके सकाळी स्वयंपाकघरात मी चहा ओतत होतो आणि बोलत होतो. पलीकडून उत्तर येईना. वर पाहिलं तर तिची खुर्ची रिकामी. आतल्या खोलीत पाहिलं, बाथरूममध्ये पाहिलं, जिना उतरून अंगणात गेलो. परत आलो तर ती खुर्चीतच होती.

"मी हललेच नव्हते," ती म्हणाली.

त्या दिवशी तिनं मला कामावर जाऊ दिलं नाही.

नंतर बाजारात झालं. मग माझ्या आईकडे, सगळे जेवायला बसलेले असताना... आईला दिसत होती, भावाला दिसत होती. फक्त मला नाही. आई म्हणाली, "असा का बघतोयस, वाढ की तिला." मी पळी हातात धरून बसून राहिलो. कुठे वाढू?

पूर्वी हे थोड्या वेळात सरायचं. आता ओतलेला चहा गार होतो, तरी ती दिसत नाही.

आणि फोन लावला तर आता तिला लगेच ऐकूही येत नाही.

गेल्या रविवारची गोष्ट. खूप वेळ झाला होता. मी शोधायचं सोडून दिलं आणि तिच्या खुर्चीसमोर बसून राहिलो. ती दिसली तेव्हा तिनं केस मोकळे सोडले होते. चेहरा शांत. झोप पुरी झाल्यासारखा.

"बुरुल, तू मला दिसत नसतेस तेव्हा तुला नेमकं काय होतं?" मी पहिल्यांदाच विचारलं. इतके दिवस धीर झाला नव्हता.

"मला काही होत नाही. तू दिसतोस. पण मध्ये कुणीतरी उभं असतं."

"कुणाकडे तोंड करून?"



"माझ्याकडे," ती म्हणाली. "तुझ्याकडे पाठ असते."

मी विचारलं, "भीती नाही वाटत तुला?"

तिनं केस गोळा केले, मागे बांधले. उठून माझा गार झालेला चहा ओतून दिला आणि नवा ठेवला.

"आधी वाटायची," ती म्हणाली.