आग्रहाचा लाडू

भूतबीत मी मानत नाही, हे आधीच सांगून ठेवतो. देवासला सोलर पॅनल बसवायचं काम आहे माझं. छपरावर चढणाऱ्याने भित्रं असून भागत नाही. पण निसरपूरचं विचारलंसच, तर बस भिया, सांगतो.

मागच्या मे महिन्यात नव्या निसरपूरच्या एका देवळावर पॅनल चढवायचे होते. मी आणि माझा भागीदार अंबरीश. जुनं गाव धरणाच्या पाण्यात गेलेलं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की घरांचे ओटे, पडक्या भिंती वर येतात. सकाळभर उन्हात पॅनल वाहिले आणि दुपारी देवळातच दाल-बाफल्यांची पंगत बसली. खाण्यात मी कुणाला ऐकत नाही! तुपात बुडवलेले बाफले, म्हणजे कणकेचे भाजलेले गोळे, वर चुरम्याचे लाडू... अंबरीश म्हणाला, "चिंतामणी, बस कर आता, फुटशील." तिकडची रीत माहीत आहे ना? नको असेल तर ताटावर हात आडवा धरायचा. नाही धरला की वाढलंच. मी काही धरला नाही.

जेवण अंगावर आलं. गार जागा शोधत एकटाच खाली जुन्या गावाकडे गेलो आणि एका घराच्या ओट्यावर, भिंतीच्या सावलीत आडवा झालो. गाळाचा आणि कुजक्या लाकडाचा वास होता. पण झोप लागली.

जाग आली तेव्हा पाय हलेनात. मुंग्या नाहीत, दुखणं नाही. पाय जागच्या जागी आहेत आणि माझं ऐकत नाहीत. हात उचलायला गेलो, तर कोपरातून वाकून खाली पडला. ऊन अजून लख्ख होतं. आणि भिंतीमागे कुणीतरी भांडं खाली ठेवलं.

"पावणा, एक और लई लो..."

बाईचा आवाज. हळू, अगदी मायेचा. डोळ्यांच्या कडेला ओलं लुगडं दिसलं, चेहरा नाही. ओठांना काहीतरी गार लागलं.

"नको," मी म्हणालो.

"हाथ तो नी धर्यो तमने..."

अहो बाई, हात धरायला तो उचलायला नको? गिळलं मी. गोड होतं, खोटं कशाला सांगू, तेवढं गोड आजवर खाल्लं नव्हतं. तो घास उतरला आणि बोटं गेली. दुसऱ्या घासाला मान गेली. तेव्हा मात्र कळलं. ही वाढत राहणार, माझा हात काही उठणार नाही, आणि आता पाळी श्वासाची. छातीवर गव्हाचं पोतं ठेवल्यासारखं झालं.

"एक और..."

"चिंतामणी! अरे कुठे मेलास?" वरून अंबरीशची हाक आली. बाईचा आवाज थांबला.

त्याने देवळातल्या दोघांना बोलावून मला उचललं, जीपच्या मागच्या सीटवर निजवलं आणि त्या दोघांना तिथेच सोडून, स्वतः गाडी हाकत थेट कुक्षीचा दवाखाना गाठला. डॉक्टर ऋजुता होत्या तिथे, आपल्या धारच्याच. रक्ताचा रिपोर्ट पाहून म्हणाल्या, "पोटॅशियम पार खाली गेलंय. काहींचं शरीरच असं असतं. उन्हात मेहनत, वर कणीक आणि गोड भरपेट, मग झोप. हातपाय लुळे पडतात. आणखी गोड पोटात गेलं असतं ना, तर अवघड होतं."

सलाईनमधून पोटॅशियम दिलं आणि सकाळी मी आपल्या पायांनी उठलो. झालं की! आजार आहे, आजाराला औषध आहे. बाई म्हणजे भास, हे मी कुणालाही ठणकावून सांगेन.

फक्त एक गोष्ट राहते. भरती करताना तिथल्या आयाबाई, उमाबाई, माझं तोंड पुसत होत्या. त्यांनी जिभेवरून तुळशीचं एक पान काढलं. ओलं, हिरवंगार. अंबरीशवर त्या खेकसल्याच, "जिता माणूस आहे हा! मरणाऱ्याच्या तोंडात ठेवतात हे. कुणी ठेवलं?"

"ओट्यावर याच्या तोंडात गाळ होता," अंबरीश म्हणाला. "सगळा मी बोटाने काढला, बाटलीच्या पाण्याने तोंड धुतलं. तेव्हा पानबिन काही नव्हतं."

"मग वाटेत ठेवलं असेल. मागे कोण बसलं होतं याच्यापाशी?"

अंबरीशने दाराकडे पाहिलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "ओल्या लुगड्यातली एक बाई होती. मला वाटलं, गावातून सोबत आलेली दवाखान्यातलीच कुणी आहे... आताच जीपमधून उतरून तुमच्या मागोमाग आत आली ना?"